बांधावरची काठी आणि न्यायालयातील तराजू

मारामारीच्या खटल्यात सापडलेला सीमाभागातील शेतकरी बेळगावच्या किंवा निपाणीच्या न्यायालयाच्या आवारात पहिल्यांदा वकिलापुढे बसतो, तेव्हा तो आपली हकीकत मारामारीच्या दिवसापासून सांगत नाही. ती आजोबांनी घेतलेल्या जमिनीपासून, चुलत्याने सरकवलेल्या बांधापासून, उसाच्या पाण्याच्या चुकलेल्या पाळीपासून सुरू होते, आणि प्रत्यक्ष काठी उगारली गेली त्या घटकेपर्यंत येता येता वकिलाचा चहा निवून जातो. ही हकीकत खोटी असते असे नव्हे. बहुधा ती खरीच असते. परंतु वकील मध्येच थांबवून जे विचारतो, म्हणजे काठी आधी कोणी उचलली, समोरचा किती पावलांवर होता, तो पाठ फिरवून पळू लागल्यावरही तडाखा बसला काय, त्या प्रश्नांचा आजोबांच्या खरेदीखताशी फारसा संबंध नसतो, आणि पक्षकाराला पहिला धक्का बसतो तो येथे. ज्याचा हक्क खरा त्याला मारण्याची मुभा, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की बाकीचे बहुतेक गैरसमज तिच्याच पोटी जन्मलेले दिसतात.

त्यांतला सर्वांत साधा गैरसमज रक्ताविषयीचा. 'रक्ताचा थेंब नाही, मग केस कसली?' असे गावात छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्याच्या परिभाषेत मात्र शारीरिक वेदना, रोग अथवा दुर्बलता यांपैकी काहीही घडविले की ती दुखापत होय. थोबाडीत मारल्याने रक्त येत नाही, वेदना होते, आणि तेवढे पुरते. किंबहुना हात न लागताही गुन्हा घडू शकतो, कारण आता आपल्यावर बलप्रयोग होणार अशी भीती समोरच्याला वाटावी अशा रीतीने काठी उगारणे हा स्वतंत्र अपराध आहे. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३२३व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती ११५व्या कलमात आली आणि दंडाची कमाल रक्कम एक हजारावरून दहा हजारांवर गेली. त्या तारखेपूर्वीचे कृत्य जुन्याच कायद्याने तोलले जाते, म्हणून बेळगावच्या एकाच न्यायकक्षात आज दोन्ही संहितांचे खटले शेजारी शेजारी चालताना दिसतात आणि 'तीनशे तेवीस' हा आकडा लोकांच्या जिभेवरून इतक्यात पुसला जाण्याची चिन्हे नाहीत.

याच्या उलट टोकाचा भ्रम टाक्यांचा. डोक्याला सात टाके पडले म्हणजे जबर दुखापत, असा हिशेब दवाखान्याच्या ओसरीवरच मांडला जातो. जबर दुखापत कोणती, हे कायद्याने आठ प्रकारांत नेमून दिले आहे, आणि टाक्यांची संख्या त्यांत कोठेही नाही. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, एका डोळ्याची दृष्टी वा एका कानाचे ऐकणे कायमचे जाणे, अवयव वा सांधा निकामी होणे, चेहऱ्याला कायमची विद्रूपता येणे, जीव धोक्यात येणे असे ते प्रकार आहेत. आणि शेवटच्या प्रकारात, जखमी मनुष्य तीव्र वेदनेने किंवा नित्याचे व्यवहार करता न आल्याने किती दिवस खिळून राहिला याचा जो हिशेब आहे, तो पूर्वी वीस दिवसांचा होता, तो आता पंधरा दिवसांवर आला आहे. परिणाम असा की मांसात खोल गेलेला पण हाड न दुखावलेला घाव कधी साधा ठरतो, आणि गुद्द्याने हललेला नव्हे तर खरोखर तुटलेला एक दात सात वर्षांपर्यंतच्या कैदेचे कलम ओढून आणतो. म्हणूनच बचावाचा जाणता वकील जखमेच्या दाखल्यावर, ज्याला इकडे इस्पितळापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वजण 'वूंड सर्टिफिकेट'च म्हणतात, आधी झडप घालतो: तपासणीची वेळ कोणती, क्ष-किरण चित्र काढले काय, आणि ते नसताना 'अस्थिभंग' हा शब्द लिहिला कोणत्या आधारावर?

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे स्वसंरक्षणाकडे वळतो. येथे गैरसमज दोन आहेत आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध आहेत. एक म्हणतो, कायदा म्हणजे मार खाऊन गप्प बसणे. दुसरा म्हणतो, त्याने एक मारली म्हणून मी दहा मारीन, पहिला हात त्याचा होता. मेकॉलेने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा सिद्ध केला, तेव्हा या देशातील लोकांनी निमूटपणे मार सोसू नये, त्यांच्या अंगी बाणेदारपणा यावा, ही दृष्टी त्याने आत्मसंरक्षणाच्या कलमांमागे ठेवली होती. परक्या राज्यकर्त्याने हे लिहावे यात काही उपरोध आहे खरा, पण ती कलमे १८६०च्या संहितेत ९६ ते १०६ म्हणून आली आणि आज नव्या संहितेत ३४ ते ४४ म्हणून जवळजवळ त्याच शब्दांत टिकून आहेत. त्यांनी दिलेला हक्क केवळ स्वतःच्या देहापुरता नाही. दुसऱ्या कोणाच्याही देहासाठी, आणि चोरी, जबरी चोरी, नासधूस व अतिक्रमण यांपासून मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो आहे. पळून जाण्याची सक्ती नाही. परंतु हक्काला दोन कुंपणे आहेत: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावापुरती जी इजा आवश्यक तिच्यापलीकडे एक तडाखाही क्षम्य नाही. बांध गेल्या महिन्यात सरकला असेल तर आज सकाळी कुऱ्हाड घेऊन जाणाऱ्याला तहसीलदाराकडे अथवा दिवाणी न्यायालयाकडे जाण्यास पुरेसा अवधी होता, एवढे साधे उत्तर न्यायालय देते.

या दोन कुंपणांच्या मध्ये जी भूमी आहे तिची सर्वांत समंजस मोजणी एका मराठी न्यायाधीशाच्या हातून झाली आहे. साताऱ्यात जन्मलेले, ज्यांच्या आडनावातच कर्नाटकातले गजेंद्रगड आहे, त्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी जय देव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२च्या निवाड्यात असे प्रतिपादिले की, हल्ला अंगावर आलेल्या मनुष्याच्या मनात क्षोभ आणि गोंधळ असणारच, म्हणून त्याच्या कृतीला न्यायालयाच्या शांत दालनातील निर्विकार कसोट्या लावणे अनुचित होय, आणि सोन्याच्या तराजूने तडाखे जोखता येत नाहीत. पण त्याच निवाड्याची दुसरी बाजू अशी की, भयाचे कारण संपले, हल्लेखोर पळू लागला किंवा निःशस्त्र झाला, की हक्कही तत्क्षणी संपतो. त्यापुढचा घाव बचाव नसून सूड होय. माझ्या मते मारहाणीच्या खटल्यातील बचावाचा सारा गाभा या दोन वाक्यांत आहे, आणि वकिलाचे कौशल्य म्हणजे भय केव्हा उपजले व केव्हा विझले, त्या घटका साक्षीपुराव्यात दाखवून देणे. जखम पाठीवर की पुढे, ती एक की अनेक, घटनास्थळ कोणाच्या खळ्यात, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी तेथे तोंड उघडून बोलतात.

'स्वसंरक्षण म्हटले म्हणजे मारल्याची कबुलीच दिली, आणि मग सगळे सिद्ध करण्याचा बोजा आपल्या गळ्यात पडतो,' अशी भीती पुष्कळांना असते, आणि तीपायी खरा बचाव सोडून 'मी तेथे नव्हतोच' असा खोटा बचाव पत्करला जातो, जो दोन साक्षीदारांत कोसळतो. बोजा आरोपीवर असतो हे खरे. पण फिर्यादी पक्षाला निःसंशय सिद्धता द्यावी लागते, तर आरोपीला आपले म्हणणे संभाव्य आहे इतकेच दाखवावे लागते, आणि तेही आपलाच साक्षीदार उभा करून नव्हे, तर फिर्यादीच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखविता येते. सर्वोच्च न्यायालयाने मुन्शी राम प्रकरणात तर असे म्हटले आहे की, आरोपीने हा बचाव शब्दांनी मांडला नसला, तरी कागदपत्रांतून तो दिसत असल्यास न्यायालयाने विचारात घ्यावा. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांविषयी फिर्यादी पक्ष मौन पाळीत असेल, तर त्याची हकीकत अपुरी अथवा बनावट असल्याचा संशय घेण्यास जागा राहते, हे लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या १९७६च्या निवाड्याचे सूत्र. खरचटण्याला मात्र ते लागू पडत नाही. म्हणून मारामारीनंतर लाजेने वा भयाने घरी बसणारा, आपल्या जखमांचा दाखला न घेणारा मनुष्य स्वतःचा उत्तम पुरावा हळदीच्या लेपाखाली झाकून टाकतो.

दुसऱ्या बाजूने आधी फिर्याद दिली म्हणून आपली घेतली जाणार नाही, ही समजूतही निराधार आहे. एकाच प्रसंगाच्या दोन परस्परविरोधी फिर्यादी नोंदविता येतात, आणि शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे एकामागून एक चालवून दोन्हींचा निकाल वेगवेगळ्या पुराव्यावर द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. पण उलट फिर्याद हे शस्त्र म्हणून, केवळ सौद्यासाठी दाखल करणाऱ्यांनी हा दंडक विसरू नये असे वाटते, कारण त्यामुळे दोन्ही पक्ष एकाच दिवशी दोषी ठरण्याचे प्रसंगही येतात.

जमावाचे कलम निराळेच भय घालते. 'मी नुसता उभा होतो' हा बचाव पूर्ण निरुपयोगीही नाही आणि पूर्ण पुरेसाही नाही. पाच अथवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाचा जो सदस्य आहे, त्याने स्वतः हात उचलला नसला तरी समान उद्दिष्टापोटी घडलेल्या अपराधाला तो जबाबदार ठरतो. पण रस्त्यावरचा बघ्या हा सदस्य नव्हे. गजेंद्रगडकरांच्याच पीठाने १९६४ साली मसलती प्रकरणात, अनेक आरोपी असता दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतले आहे काय हे पाहण्याची कसोटी उचलून धरली. सीमाभागाने याखेरीज एक नवी तरतूद डोळ्यांत तेल घालून वाचली पाहिजे. पाच किंवा अधिक जणांनी संगनमताने, कोणाच्या वंश, जात, जन्मस्थान वा भाषेच्या कारणावरून त्याला जबर दुखापत केली, तर त्या टोळीतला प्रत्येकजण सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो, असे नव्या संहितेच्या ११७व्या कलमाचे चौथे पोटकलम सांगते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बेळगावनजीक एका बसवाहकाला भाषेच्या वादातून मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली, उलट फिर्यादही झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवर थबकल्या, २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. त्या प्रकरणातले खरेखोटे न्यायालय ठरवील. येथे सांगण्याजोगे इतकेच की शासकीय परिवहन मंडळाचा वाहक हा लोकसेवक असल्याने, त्याच्यावरील हात साध्या दुखापतीच्या एका वर्षावर थांबत नाही, पाच वर्षांच्या कलमापर्यंत जातो. आणि दोन्ही बाजूंचे भाषाभिमानी हे कायद्यापुढे सारखेच उघडे आहेत.

पोलीस ठाण्यातील कागदांविषयी थोडे. तेथे लिहिला जाणारा 'महजर' पाहून नवखा मराठी माणूस बुचकळ्यात पडतो. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तोच हा, आणि मौज अशी की हा शब्द शिवकालीन मराठी न्यायनिवाड्यांतून आपल्याला चांगला परिचित आहे, आपण तो टाकला, कर्नाटकाने जपला. पोलिसांपुढील जबाबावर सही केली म्हणजे सारे आटोपले, असे मुळीच नाही. तपासातील जबाबावर सही घेण्याचीच तरतूद नाही, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. अपवाद एवढाच की तिच्या आधारे कोयता किंवा काठी हस्तगत झाली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अपराधात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे अर्नेश कुमार निवाड्याने २०१४ साली घालून दिले. आणि अटक झालीच तर तिची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका मोटार-प्रकरणात, सर्व अपराधांना लागू करून सांगितले. कन्नड न वाचता येणाऱ्या निपाणीकराला हा निर्णय कोणत्याही मोर्चाहून अधिक उपयोगी आहे. न्यायालयाची भाषा राज्य ठरविते, ती येथे कन्नड राहील. पण आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला उलगडून सांगणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. वकील परवडत नसेल तर १९८७च्या विधी सेवा अधिनियमाखाली तो मोफत मिळतो, आणि कोठडीतील मनुष्याला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढावा लागत नाही.

कोगनोळीचा नाका ओलांडून कागलात पाहुण्यांकडे जाऊन बसले की कर्नाटकाचे पोलीस हात लावू शकत नाहीत, ही सीमेवरची खास दंतकथा. ते येतात, स्थानिक दंडाधिकाऱ्याकडून प्रवासी कोठडीचा हुकूम घेतात आणि घेऊन जातात. उलटपक्षी, दुसऱ्या राज्यातील गुन्ह्यासाठीही आपल्या वास्तव्याच्या ठिकाणच्या न्यायालयाकडून मर्यादित काळाचा अटकपूर्व जामीन मागता येतो, हे नोव्हेंबर २०२३च्या एका निवाड्याने, ज्यात कर्नाटक राज्यच पक्षकार होते, मान्य केले आहे. पळण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

राहता राहिली तडजोड. 'फिर्यादीने केस मागे घेतली' असे जे म्हटले जाते ते शब्दशः खरे नसते, कारण खटला राज्याचा असतो, जखमी मनुष्य त्यात साक्षीदार. साध्या दुखापतीत तो स्वतः मिटवू शकतो. जबर दुखापतीत न्यायालयाची परवानगी लागते. घातक शस्त्राच्या कलमाला ही सवलत नाही, मग उभय पक्षांनी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाऊन खटलाच रद्द करण्याची विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असे नाही. पुष्कळदा असे होते की पाच-सहा वर्षांनी दोन्ही घरची माणसे एकाच बसने तारखेला येतात, तडजोडीच्या अर्जावर अंगठे उमटवितात आणि मोकळी होतात. मूळ बांधाचा दावा मात्र शेजारच्या दिवाणी न्यायालयात भूमापकाच्या मोजणीची वाट पाहत पडून असतो.