मिर्झापूरची भांडी आणि मक्त्याची हद्द

पेटंट म्हणजे संशोधकाला ठराविक मुदतीपुरता मिळालेला मक्ता. परंतु कचेरीची मोहोर उमटली की तो अबाधित झाला, हा समज जितका सार्वत्रिक तितकाच निराधार आहे, आणि त्याची साक्ष हवी असेल त्याने मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला पाहावा.

पितळेची व जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर फिरवताना निसटून उडत व कारागिराच्या जिवावर बेतत. तो धोका टाळण्यासाठी भांडे समोरून दाबून धरणाऱ्या योजनेचे 1951 चे पेटंट हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीकडे होते, आणि त्याच गावच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या कारखान्याने ती युक्ती उचलली, अशी फिर्याद 1953 मध्ये गुदरली गेली. प्रतिवादीने उलट पेटंटच रद्द करा, अशी मागणी केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ते रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

अशा अपिलात पहिला प्रश्न कागदाच्या स्पष्टतेचा असतो. आपल्या हक्काची सीमा अर्जदार ज्या अखेरच्या कलमांत आखतो ती संदिग्ध असतील, तर कोणत्या जागी आपण अतिक्रमण करतो हे प्रामाणिक प्रतिस्पर्ध्यालाही उमगणार नाही. म्हणूनच संदिग्धता हेच पेटंट रद्द होण्याचे एक कारण मानले जाते. न्यायालयाने वाचनाची रीतही सांगितली: आधी शोधाचे वर्णन वाचावे, मग ही कलमे. सीमा निश्चित झाल्यावरच दुसरा प्रश्न सार्थ ठरतो, की एवढे सारे पूर्वीच कुणी प्रसिद्ध केले होते काय? येथे कसोटी कठोर आहे. शोधाची सर्व अंगे एकाच पूर्वीच्या लेखात वा वापरात आढळली पाहिजेत. चार ठिकाणचे तुकडे जुळवून आक्षेप उभारावयाचा असेल, तर निराळे विचारावे लागते: ही जुळणी सामान्य कुशल कारागिराला सहज सुचली असती काय?

मिर्झापूरचा निकाल मुख्यतः या शेवटच्या प्रश्नावर लागला. लेथचा टेलस्टॉक, म्हणजे फिरणारी वस्तू समोरच्या टोकाने आधार देऊन धरणारा भाग, अनेक दशके सर्वज्ञात होता. तो भांड्यांच्या कामी लावणे ही कारखान्यातील स्वाभाविक सुधारणा होय, शोध नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सरकारिया यांनी 13 डिसेंबर 1978 रोजी नमूद केले आणि पेटंट रद्द ठरले. जुन्या कायद्याप्रमाणे मक्त्याची मुदत 16 वर्षांची. म्हणजे ज्याच्यासाठी दोन पेढ्या पाव शतक झगडल्या, तो मक्ता निकालापूर्वीच कालबाह्य झाला होता! पेटंट कचेरीच्या हुकमांवरील अपिले ऐकणारे स्वतंत्र मंडळ पुढे स्थापन झाले खरे, पण 2021 मध्ये तेही बरखास्त होऊन ती अपिले आता उच्च न्यायालयांकडे, मुंबईच्याही, जातात.