लोकलमधली रहस्यं आणि प्रेमकथा 📚

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. अंबरनाथ, उल्हासनगरकरांचं थोडं कमी, पण रोजच्या प्रवासात एक छोटी कादंबरी आठवड्यात सहज संपते. खिडकी मिळाली तर आणखी लवकर!

🔍 रहस्य हवंय? बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू ही जोडी आजही वाचकांना आठवते.

❤️ प्रेमकथा हवी? ना. सी. फडक्यांची ‘दौलत’ किंवा ‘जादूगार’ घ्या.

दोन्ही हवं? मग सुहास शिरवळकर, म्हणजे आपले ‘सुशि’. कॉलेजच्या दोस्तीची आणि प्रेमाची ‘दुनियादारी’ त्यांचीच (२०१३ चा सिनेमा त्यावरच), आणि फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद हे थरारक नायकही त्यांचेच.

जुनी पुस्तकं शोधताय? बदलापुरात श्याम जोशींनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. एकदा नक्की जा.

‘हलकंफुलकं’ वाचतो म्हणून लाजू नका. वाचनाची गोडी बहुतेकांना अशाच पुस्तकांनी लागते. फक्त एक विनंती: शेजारच्याला खुनी कोण ते सांगू नका!