शाळा आधी, इमारत मागाहून

बारामती-इंदापूर पट्ट्यात जुन्या शाळेचे वय विचारले, की बोट इमारतीकडे जाते. पण पूर्वी कितीतरी शाळा देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा एखाद्या वाड्यात भरत. स्वतःची इमारत त्यांना मागाहून मिळे. म्हणून भिंत आणि दप्तर दोन्ही वाचावीत.

मंगळुरी कौल १८६० पूर्वीचे असू शकत नाही. मात्र ते छपराचे वय सांगते, भिंतीचे नव्हे. शाळेचा माग महसुली कागदांतही लागतो: १८६९च्या कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला गेला.

सर्वांत बोलके जनरल रजिस्टर. जुनी पाने मोडीत असतात. त्यांत नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण सापडते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात अशीच रजिस्टरे उघडली गेली. एका ओळीवर कुटुंबाचा दाखला अवलंबून होता.

उजनीच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले. पाणी ओसरले की तिथले देऊळ दिसते. अशा गावांच्या शाळेला भिंतीचा पुरावा उरत नाही; वाळवी लागण्याआधी रजिस्टर वाचवणे, हेच तिथले उत्खनन.