पुन्हा पुन्हा भरणारी पाठीची उसण



दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण पाठदुखीलाही लागू पडते. सफाई करणारे, विटा-सिमेंट वाहणारे, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांच्याकडून आम्ही परिचारिका एकच तक्रार नेहमी ऐकतो : दोन फऱ्यांच्या मधे उसण भरते, बरी होते आणि पुन्हा भरते.

परत का भरते?

फऱ्याचे हाड स्नायूंनी मानेशी व कण्याशी बांधलेले असते. झाडणे, ओढणे, उचलणे, सगळ्यांत याच स्नायूंवर ताण येतो. रोज एकाच बाजूने काम केले की थकलेल्या स्नायूचे काही धागे तुटतात. दुखणे आठ-दहा दिवसांत उतरते, पण पूर्वीचे बळ यायला साधारण तीन ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. आपण मात्र गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पाचव्या दिवशी पूर्ण ओझे उचलतो. औषधाने दुखणे दबते, जखम भरत नाही.

काय करावे?

पहिले दोन-तीन दिवस ओझे बंद, पण अंथरुणाला खिळू नका. घरात हिंडत राहा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावा. जोरात चोळणे, पाठ तुडवून घेणे टाळा. त्यानंतर गरम पाण्याची पिशवी चालते.

दुखणे उतरू लागले की व्यायाम सुरू करा. ताठ बसून दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. असे 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभराने त्रास नसेल तर पुढे वाकून, एक हात खाटेवर टेकवून, दुसऱ्या हाताने पाण्याची भरलेली बाटली कमरेपर्यंत ओढा. दुखणे वाढले तर एक पायरी मागे या.

कामावर परतताना आधी निम्मे ओझे घ्या. एका मोठ्या बादलीऐवजी दोन लहान, दोन्ही हातांत. झाडू लांब दांड्याचा असावा आणि हात बदलत राहावे.

हे दिसले तर थांबू नका

पाठीबरोबर छातीत दाब, घाम, दम लागणे : ताबडतोब रुग्णालय गाठा, हे हृदयाचे असू शकते. हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी, लघवी अडणे, पडल्यानंतरचे दुखणे यांतही तातडीने दाखवा. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

विश्रांतीचा पगार

“बसलो तर खाऊ काय?” हा प्रश्न खरा आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि 1948 साली कायदा झाला. आज कामगार राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला, ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. त्यासाठी विमा दवाखान्याचा दाखला लागतो.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आपल्या पगारातून हा हप्ता कापला जातो का, ते पगाराच्या चिठ्ठीवर आजच पाहावे. कापला जात असूनही विमा क्रमांक मिळाला नसेल, तर एकट्याने भांडू नका. चार-पाच जणांनी मिळून लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.