पोटाचा घेर आणि अर्धांगवायु

अर्धांगवायु अकस्मात् येतो, असा सर्वसाधारण समज आहे. सकाळीं धडधाकट दिसणारा मनुष्य दुपारीं एका अंगानें लुळा पडतो, त्याची वाचा जाते, आणि घरचे लोक दैवास बोल लावितात. परंतु झटका जरी क्षणांत आला, तरी त्याची तयारी शरीरांत बहुधा कित्येक वर्षें चाललेली असते. व तिच्या पुष्कळशा खुणा आधीं मोजतां येण्याजोग्या आहेत.

मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीनें तुंबली किंवा फुटली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरूं लागतो. पाटांत गाळ सांचून पाणी अडावें किंवा दाबानें त्याची कड फुटावी, तसाच हा प्रकार. वाढलेला रक्तदाब हें याचें सर्वांत मोठें कारण होय. परंतु चरबीचाही यांत वांटा आहे; आणि ती किती आहे याबरोबरच ती कोठें आहे, हेंही पाहावें लागतें.

फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. जां व्हाग यांनीं १९४७ सालीं असें मांडलें कीं, मांड्यांवरील चरबीपेक्षां धडावर सांचणारी चरबी मधुमेहादि विकारांस अधिक कारण होते. पुढें स्वीडनांतील गोटेनबर्ग शहरीं, १९१३ सालीं जन्मलेल्या ७९२ पुरुषांचीं मापें घेऊन त्यांच्यावर १३ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नितंबांच्या मानानें कंबरेचा घेर जितका मोठा, तितका अर्धांगवायूचा संभव अधिक, असें आढळलें. केवळ वजन व उंची यांच्या हिशेबानें तो तसा कळून येईना. २०१६ सालीं ३२ देशांतील सुमारें २७,००० लोकांच्या पाहणींतही कंबरेच्या या प्रमाणाची गणना मुख्य कारणांत झाली. आपला देशही त्यांत होता.

याचें कारण असें कीं, पोटांतील चरबी हा कणगींतल्या धान्यासारखा निपचित सांठा नव्हे. तिच्यांतून स्निग्ध द्रव्यें यकृताकडे जातात, व इन्सुलिनचा अंमल शिथिल होतो. मग रक्तांतील साखर व ट्रायग्लिसराइड वाढतात, हितकर कोलेस्टेरॉल घटतें, रक्तदाब चढतो आणि वाहिन्यांचें आंतील अस्तर बिघडतें.

आपण तर सडपातळ आहोंत, असें म्हणून कोणीं निश्चिंत राहूं नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचें वजन उंचीच्या मानानें अगदीं सारखें होतें. पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ भरली. ही तुलना २००४ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणूनच आपल्या लोकांसाठीं कंबरेची मर्यादा कमी धरितात.

पुढील पांच खुणा ध्यानांत ठेवाव्या. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर (सुमारें ३५॥ इंच) व स्त्रियांत ८० सेंटिमीटर (सुमारें ३१॥ इंच) किंवा अधिक. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. उपाशीपोटीं साखर १०० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. आणि हितकर कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खालीं. यांपैकीं तीन आढळल्या तर चयापचय बिघडला असें समजतात. घेर मोजतांना ताठ उभें राहून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी व कंबरेचें हाड यांच्या मध्यावर फीत धरावी. पोट आंत ओढूं नये.

या खुणा म्हणजे विधिलिखित नव्हे. वेळीं आवरल्यास धोका कमी होतो. ज्या घरीं नांगर जाऊन ट्रॅक्टर आला व अंगमेहनत मजुरांकडे गेली, पण ताटांतील भात आणि चहांतील साखर पूर्वीइतकीच राहिली, तेथें सुटलेलें पोट सुबत्तेचें लक्षण मानण्यांत येतें. ही समजूत टाकली पाहिजे. रोज भरभर चालावें, मीठ व गोड कमी करावें, विडी-तंबाखू सोडावी, आणि रक्तदाबाचें औषध बरें वाटतें म्हणून आपल्या मनानें बंद करूं नये.

इतकें करूनही तोंड वांकडें झालें, हात गळाला किंवा बोलणें अडखळलें, तर तेल चोळीत घरीं बसूं नये. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि तेंही मेंदूची तपासणी करून. अशी तपासणी जेथें होते तें जवळचें रुग्णालय कोणतें, हें प्रत्येक कुटुंबानें आजच विचारून ठेवावें.