पवनाकाठी टेंट आणि तुमचं आधार कुणाकडे?

शुक्रवार दुपारचे साडेचार. क्युबिकलमध्ये जांभया आणि ग्रुपवर एकच विषय, पवना! समोर तुंग-तिकोना, पाण्याकाठी टेंट, बार्बेक्यू, गिटार बडवणारा एखादा हौशी... कॅम्पसाइटची वेबसाइट उघडते, फोटो बघून सगळे खल्लास आणि दहा मिनिटांत अ‍ॅडव्हान्स रवाना. पाठोपाठ मेसेज येतो, ‘सर्वांचं आधार पाठवा.’ आपण पाठवतोसुद्धा. आठ जणांचं, पुढून-मागून, एका अनोळखी मोबाइल नंबरवर!

बॉस, इथे जरा थांबा. पाहुण्यांची नोंद ठेवायची म्हणून तो ओळखपत्र मागतो, त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी तुमचे बाराच्या बारा आकडे कशाला? यूआयडीएआयच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. सोमवारी तुम्ही ऑफिसात परत आलेले असता, पण तो फोटो त्या फोनमध्ये तसाच पडून असतो. उद्या तो फोन कुणाच्या हातात जाईल, कुणी सांगावं?

आता वेबसाइटच्या अगदी तळाशी या. तिथे बारीक अक्षरात ‘प्रायव्हसी पॉलिसी’, ‘टर्म्स’ वगैरे असतं. मी एकदा नेटाने वाचायला बसलो, तर मालकाच्या नावाच्या जागी चक्क ‘युवर कंपनी नेम’! म्हणजे कुठून तरी उचललेलं ते पान मालकानेही वाचलं नव्हतं. हसू आलं, पण उद्या भांडण झालं तर भांडायचं कुणाशी? ऑनलाइन विक्रीसाठी २०२०चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. त्यानुसार साइटवर कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. त्यातला एक नियम तर झकास आहे. तुम्ही बुकिंग रद्द केल्यावर पैसे कापायचे असतील, तर त्यांनी आपणहून रद्द केल्यास त्यांनीही तसाच भुर्दंड सोसायला हवा. तेव्हा ‘नो रिफंड’वाल्याला बिनधास्त विचारा, ‘आदल्या रात्री तुम्हीच कॅन्सल केलंत, तर आमचं काय?’

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७मध्येच सांगितलं. डिजिटल डेटाचा कायदा आला २०२३मध्ये, त्याचे नियम जाहीर झाले नोव्हेंबर २०२५मध्ये आणि बहुतेक तरतुदी पाळायला अठरा महिन्यांची मुदत मिळाली. सरकारी वेग, दुसरं काय! पण कायद्यात दम आहे. कुठली माहिती कशासाठी घेतो, हे आधी सांगावं लागेल. ती नोटीस मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे. दिलेली संमती परत घेणं, ती देण्याइतकंच सोपं हवं. आणि माहिती नीट सांभाळली नाही, तर दंड २५० कोटींपर्यंत!

राहता राहिले फोटो. सकाळी विस्कटलेल्या केसांनी तुम्ही पोहे खात असता, वरून ड्रोन घिरट्या घालत असतो आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या जाहिरातीत तुम्हीच! ‘पाहुण्यांचे फोटो प्रसिद्धीसाठी वापरू’ अशी एखादी ओळ त्या टर्म्समध्ये लपलेली असू शकते. नको असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं लेखी कळवा. ऑफिसात ‘ताप आलाय’ सांगून निघालेल्यांनी तर नक्कीच.