समुद्रावरची पंगत

पर्यटनासाठी फिरणाऱ्या मोठ्या जहाजांवर जे कुटुंब एकदा जाऊन येते, ते परतल्यावर समुद्राच्या वर्णनापेक्षा तेथील भोजनगृहाच्या गोष्टीच अधिक रंगवून सांगते. वाढपी टेबलांमधून नाचत होते, पाहुणे रुमाल हवेत फिरवीत होते, दिवे मालवून गोड पदार्थाची मिरवणूक निघाली होती! ऐकणाऱ्याला हा आधुनिक काळाचा थिल्लरपणा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः समुद्रावरील जेवणाला करमणुकीची जोड देण्याची परंपरा शतकाहून जुनी आहे, आणि तिच्यामागे व्यवसायाचा पक्का हिशेबही आहे.

आरंभीच्या काळात जहाजावरील जेवण हा सोहळा नसून सोसण्याचा विषय होता. १८४२ साली चार्ल्स डिकन्स ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने अमेरिकेस गेला, तेव्हा तेथील अरुंद, लांबुळके भोजनदालन पाहून त्याची घोर निराशा झाली. जहाज हेलकावू लागले की ताटे घसरत. म्हणून टेबलांच्या कडांना लाकडी पट्ट्या लावीत आणि चादरी ओल्या करून अंथरीत. प्रवासी आठवडा-दीड आठवडा पाण्यावर, कंटाळलेला आणि पुष्कळदा मळमळीने बेजार. त्याला दिवसातून एकदा तरी आपण जहाजावर आहोत याचा विसर पडावा, हा विचार कंपन्यांच्या मनात हळूहळू रुजला. १९०५ साली ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर रिट्झ हॉटेलच्या धर्तीचे स्वतंत्र उपाहारगृह सुरू झाले, आणि किनाऱ्यावरची खानदानी मेजवानी समुद्रावर आली.

मेजवानी आली की वाद्यवृंद आलाच. ‘टायटॅनिक’वर जेवणाची वर्दी बिगूल वाजवून दिली जाई. वॉलेस हार्टली यांच्या नेतृत्वाखाली आठ वादक होते. कंपनीच्या पुस्तिकेत सुमारे साडेतीनशे धून क्रमांकासह छापलेल्या असत. पाहुण्याने नुसता क्रमांक सांगावा आणि वादकांनी ती धून तोंडपाठ वाजवावी, असा दंडक होता. १९१२ च्या एप्रिलमध्ये जहाज बुडताना हे आठही जण वाजवीत राहिले, हे सर्वश्रुत आहे. फारसे ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, ते जहाजाचे नोकर नव्हतेच. एका दलालामार्फत नेमलेले हे वादक कागदोपत्री दुसऱ्या वर्गाचे प्रवासी होते. पुढे त्यांच्यापैकी एका तरुण व्हायोलिनवादकाच्या वडिलांना त्याच्या गणवेशाचे बिल त्या दलालाकडून पाठविण्यात आले. पाहुण्यांच्या आनंदाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न इतका जुना आहे.

दोन महायुद्धांमधील काळात भोजनगृह हेच जहाजाचे वैभव ठरले. १९३५ च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचे पहिल्या वर्गाचे भोजनदालन सुमारे ९३ मीटर लांब होते आणि तेथे ७०० जण एका वेळी जेवत. या दालनाला खिडक्या नव्हत्या. लालिक यांच्या काचेच्या दीपस्तंभांनी ते उजळलेले असे. पायऱ्या उतरत आत येणारे पाहुणे आणि त्यांचे पोशाख हीच पहिली करमणूक होती. पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘क्वीन मेरी’च्या भोजनदालनात भिंतीवर उत्तर अटलांटिकचा प्रचंड नकाशा रंगविलेला होता आणि त्यावर स्फटिकाचे एक चिमुकले जहाज सरकत असे. आज आपण कुठवर आलो, हे जेवता जेवता पाहण्याची ती सोय होती. कप्तानाच्या टेबलावर जेवणाचे आमंत्रण येणे हा तर प्रतिष्ठेचा कळस मानला जाई.

१९५८ साली अटलांटिकवर जेट विमानांची वाहतूक सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. पलीकडे पोहोचविणे हा जहाजांचा धंदा बसला. तेव्हा ज्यांनी ‘पोहोचणे नको, राहणेच हवे’ असे गिऱ्हाईक शोधले, तेच टिकले. टेड अ‍ॅरिसन यांनी १९७२ साली मायामीहून कार्निव्हल कंपनी सुरू केली. हाताशी जुने जहाज, गिऱ्हाईक मध्यमवर्गीय. जुन्या थाटाशी स्पर्धा करण्याऐवजी या कंपनीने ‘मौजेचे जहाज’ अशी आपली ओळख करून दिली. तिच्या भोजनगृहात वाढपीच गाऊ-नाचू लागले.

या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे ‘बेक्ड अलास्का’ची मिरवणूक. केकच्या थरावर आइस्क्रीम, त्यावर साखर घालून फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे जाड आवरण, आणि तापलेल्या भट्टीत काही मिनिटे भाजणी. फेसात कोंडलेली हवा उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून वरून तांबूस भाजलेला हा पदार्थ आत गोठलेलाच राहतो. सफरीच्या अखेरच्या रात्रींपैकी एका रात्री दिवे मंद होतात, संगीत सुरू होते आणि मद्य शिंपून पेटविलेले हे पदार्थ उंच धरून वाढप्यांची रांग टेबलांमधून फिरते. पाहुणे टाळ्यांचा ठेका धरतात, हातरुमाल गरगर फिरवितात. समुद्रावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. त्यामुळे अनेक जहाजांवर आता खऱ्या ज्योतीऐवजी विजेरीवर चालणारे दिवे लावतात. मिरवणूक मात्र चालू आहे.

ही रात्र अखेरीस येण्याला कारण आहे. पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक कुटुंबाचे टेबल, जेवणाची पाळी आणि वाढपी संपूर्ण सफरीसाठी ठरलेले असत. चार दिवसांत वाढप्याला मुलांची नावे, आजोबांचे पथ्य, चहातील साखर सारे पाठ होई. मिरवणूक हा त्या ओळखीचा निरोप असे आणि अखेरच्या रात्री बक्षिसाचे पाकीट हातात पडे. २००० च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने हवे तेव्हा, हवे तेथे जेवण्याची मुभा दिली. इतरांनीही तिचे अनुकरण केले. अनेक जहाजांवर बक्षिसाची रक्कम आता रोजच्या रोज प्रवाशाच्या खात्यात परस्पर नावे पडते. सोय वाढली, पण वाढप्याशी जुळणारी ओळख विरळ झाली. डिस्ने कंपनीने यावर १९९८ मध्ये निराळा तोडगा काढला. कुटुंब रोज नव्या भोजनगृहात जाते आणि त्याचे वाढपी त्याच्यासोबत फिरतात. त्यांपैकी एका दालनाच्या कृष्णधवल भिंती जेवण संपेपर्यंत हळूहळू रंगांनी भरून जातात.

या परंपरेशी आपल्या किनाऱ्याचेही नाते आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर भोजनदालन आणि मुदपाकखाना यांचा भार दीर्घकाळ गोव्याच्या माणसांनी वाहिला. जहाज मिळेपर्यंत ही मंडळी मुंबईत धोबीतलाव परिसरात आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये उतरत. त्यांची अदब हे त्या जहाजांचे भूषण होते; त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला मात्र बहुधा पत्रे आणि मनीऑर्डरच येत. आजही वाढपी अनेक महिन्यांच्या करारावर घर सोडून येतो. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीच्या दोन पाळ्या सांभाळून तो नाचतो. २०१३ पासून अमलात आलेल्या सागरी कामगार करारानुसार कामाचे तास दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ याहून अधिक नसावेत, किंवा विश्रांती दिवसाला किमान १० व आठवड्याला ७७ तास मिळावी, असा दंडक आहे. या आकड्यांवरूनच त्या हसऱ्या चेहऱ्यामागील श्रमांची कल्पना यावी.

जैन कुटुंबांना या सोहळ्यात दोन अडचणी येतात. मिरवणुकीतील पदार्थात अंडे आणि मद्य दोन्ही असतात. तेव्हा तो पाहावा, खाऊ नये. दुसरी अडचण वेळेची. नॉर्वे-अलास्काकडे उन्हाळ्यात सूर्य फार उशिरा मावळतो, त्यामुळे जेवणाची पहिली पाळी चौविहाराला सोयीची ठरते. मुंबईच्या हिवाळ्यात मात्र सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा लवकर वाढण्याविषयी आधीच विचारून ठेवावे लागते. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर जैन भोजन मिळते. परदेशी कंपन्यांना आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. विशेष पथ्य असलेल्या पाहुण्यांकडे मुख्य वाढपी आदल्या रात्री येऊन उद्याचे पदार्थ ठरवून जातो. कंदमूळ म्हणजे नेमके काय, हे त्या वेळी शांतपणे समजावून सांगितले तर दुसऱ्या दिवशीचे ताट बहुधा निर्दोष येते.

ज्या माणसाने रात्री अकरानंतर मुदपाकखान्यात जाऊन आपल्यासाठी कांदा-बटाटा वगळण्याची चिठ्ठी दिली, तोच दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत रांगेने पुढून जातो. त्याचे नाव लक्षात ठेवावे, मुलांकडून त्याला नावाने हाक मारवावी आणि सफर संपताना त्याच्या कामाबद्दल कंपनीला दोन ओळी लिहून द्याव्यात. पाहुण्यांचे असे अभिप्राय वरिष्ठ वाचतात, आणि पुढच्या कराराच्या वेळी ते त्याच्या उपयोगी पडू शकतात.